शनी न पाहिल्याचं प्रतिज्ञापत्र

मी पाणीखात्यात तक्रारींच्या टेबलावर बसतो. गेली एकोणीस वर्षं लोक येतात, माझ्यावर ओरडतात आणि जातात. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ येतं, आणि गढूळ का होईना पण शेजाऱ्याला जास्त येतं. मी सगळं लिहून घेतो. त्यामुळे माणूस कसकसा चिडतो याचा माझा अभ्यास दांडगा आहे. त्या अभ्यासाच्या जोरावर सांगतो, गेल्या दोन महिन्यांत मी जेवढा चिडलो तेवढं आमच्या टेबलासमोर उभं राहून आजवर कोणी चिडलेलं नाही. आणि माझी तक्रार लिहून घ्यायला समोर कोणीही नव्हतं.

सुरुवात बाबांनी केली. बाबा एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. शाळा सुटली तरी आवाज वर्गातलाच राहिलाय, मीठ मागितलं तरी मी अजून सरळ बसतो. त्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच. उजव्याची नजर चारही बाजूंनी आत आत येत चाललीय, मधलं तेवढं स्वच्छ दिसतं आणि कडेचं सगळं काळं. "तुझ्या खात्यात नळ्या जमिनीत असतात, माझी डोळ्यात बसवलीय," असं ते म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "औषध घालत राहा. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल, मी काही लिहून देणार नाही." त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "मला शनीची कडी बघायची आहेत."

"कडी कालच तर बसवून गेला सुतार," ही आतून म्हणाली. "परत निघाली का?"

"दाराची नाही. शनीची."

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं, उद्याच बोलावते त्याला."

बाबांनी मग दोघांनाही समोर बसवून धडा घेतला. शनी सध्या दिवेलागणीला पश्चिमेकडे दिसतो. अजून सहा आठवडे दिसेल, मग सूर्याच्या मागे जाईल. पुन्हा उगवेल तो चार महिन्यांनी, पहाटे, पूर्वेला. "तोपर्यंत मी थांबेन. डोळा थांबेल का ते डोळ्यालाच विचारा," ते म्हणाले. मी म्हटलं, दुर्बीण आणतो. आणि सहज विचारलं, "इतकी वर्षं शिकवलंत, कधीच नाही पाहिलीत कडी?"

"नाही," बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले. "आणि हे सगळीकडे सांगत सुटू नकोस."

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचा अर्धा मनस्ताप वाचला असता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाल्याच्या काचेच्या कपाटात सर्वांत वरच्या खणात एक दुर्बीण मी कित्येक वर्षं बघत होतो. खोक्यावर शनीचा हा एवढा रंगीत फोटो आणि खाली ठळक आकडा, ६७५ पट. "साहेब, सहाशे पंचाहत्तर पट म्हणजे थट्टा नाही," चष्मेवाला म्हणाला. "शनी घरात येऊन बसेल." वर त्याने मला 'ग्रहांसाठी खास' म्हणून सहा नंबरचं एक जादा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळ लावायचं भिंग, गळ्यात मारलं. शिवाय चंद्राचा उजेड कमी करायची हिरवी काच. चंद्र आम्हाला बघायचाच नव्हता. पण दुकानदार एकामागून एक वस्तू काचेवर मांडायला लागला की मला नाही म्हणता येत नाही, आणि ही आज लागलेली सवय नाही.

जिन्यात तज्ज्ञ भेटले. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते इमारतीत कोणालाच माहीत नाही, पण असा विषय नाही ज्यात ते बोलले नाहीत, म्हणून तज्ज्ञ. त्यांनी खोकं माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि हळहळले.

"पटीला भुललात. अहो, दुर्बिणीला पट विचारायची नसते, तोंड विचारायचं असतं. पुढचं भिंग केवढं? साठ मिलिमीटर. एवढ्याशा तोंडाला शंभराच्या वर झेपत नाही. आणि हा स्टँड बघा, मांजर शिंकलं तरी हलेल."

"मला शनी बघायचाय. त्याचं तोंड नाही," मी म्हणालो आणि खोकं ओढून घेतलं. इथे कबूल करतो, की या सगळ्या प्रकरणात मला कोणाचा सर्वांत जास्त राग आला असेल तर तो तज्ज्ञांचा, कारण त्यांचा शब्दन् शब्द खरा निघाला.

त्याच संध्याकाळी बाबांना धरून धरून गच्चीवर नेलं. शनी सापडायला पाऊण तास गेला. सापडला तेव्हा तो पिवळट ठिपका असा थरथरत होता, की थंडी त्यालाच वाजत असावी. बाबांनी डोळा लावला की त्यांच्या नाकाचा धक्का स्टँडला लागायचा आणि शनी दिसेनासा व्हायचा. मी सहा नंबरचं भिंग लावलं, तर होता तो ठिपकाही गेला आणि त्या जागी करडा धुरळा आला. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ होत म्हणाले, "हा शनी आहे की माझा काचबिंदू?"

त्यांनी ते चिडून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी दुर्बीण तशीच उचलली आणि तडक चष्मेवाल्याचं दुकान गाठलं.

"खोकं उघडलंत ना," तो म्हणाला. "उघडलेली दुर्बीण परत घेत नाही."

"न उघडता कडी कशी बघणार?"

"खोक्यावर फोटो आहे की."

एकोणीस वर्षं लोक माझ्या टेबलावर मुठी का आपटतात, ते मला त्या काचेवर मूठ आपटताना कळलं. काच त्याची असल्यामुळे हात माझा दुखला. दुर्बीण बगलेत मारून, मान खाली घालून मी दोन मजले चढलो आणि तज्ज्ञांची बेल वाजवली. असं स्वतःच्या पायांनी अपमान करून घ्यायला जाणं फार अवघड असतं. ते मात्र माझी वाटच बघत असल्यासारखे चहा टाकून बसले होते.

दीड तास बोलले. दुर्बीण आरशाची घ्या. तोंड सहा इंच. तीन पायांचा स्टँड नको, जमिनीवर ठेवायची फिरती लाकडी बैठक घ्या. दुर्बीण फक्त उजेड गोळा करते, बघणं सगळं आयपीसच्या हातात. "पंचवीसचं आयपीस शोधायला, दहाचं बघायला," ते म्हणाले. "आकडा जेवढा लहान तेवढं मोठं दिसतं. ज्याने हा उलटा हिशोब काढला त्याला मी सोडणार नाही." एवढ्या एका बाबतीत आमचं जमलं. असली दुर्बीण इथे कुठे मिळत नव्हती. परदेशातून मागवली. सहातले दोन आठवडे तिच्या प्रवासात गेले आणि एक दिवस पार्सल ऑफिसचा कागद आला, की माल अडवलेला आहे, समक्ष भेटावे.

समक्ष भेटायचं म्हणजे रजा. मी अर्ज लिहिला, 'वडिलांच्या दुर्बिणीच्या कामासाठी अर्धा दिवस रजा मिळावी.' साहेबांनी तो वाचला आणि त्यांचा चेहराच पडला.

"घशातून की पोटातून?"

"काय?"

"दुर्बीण हो. माझ्या मेव्हण्याची घशातून घातली होती. काही घाबरू नका, हल्ली फार सोपं झालंय. पोटाला तीन भोकं पाडतात आणि तिसऱ्या दिवशी घरी. अर्धा कशाला, चार दिवस घ्या."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर साहेबांनी सही ठोकली होती. चार दिवसांची रजा नाकारणारा माणूस आमच्या खात्यात अजून जन्माला यायचाय. संध्याकाळी घरी येतो तर ऑफिसातले पाच जण फळांच्या पिशव्या घेऊन बाहेरच्या खोलीत ओळीने बसलेले, आणि बाबा त्यांच्यासमोर खुर्चीत, कोण गेलंय ते न कळल्यासारखे. त्यांच्यातल्या कोणीतरी आमच्या आत्याला फोन केला होता. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, रडत रडतच जिना चढली.

"दादा, मला कळवलंसुद्धा नाही. कुठे घालणार आहेत दुर्बीण?"

"गच्चीत," बाबा म्हणाले. "शनी बघायचाय."

आत्याने डोळे पुसले आणि हादरून माझ्याकडे बघितलं. "अरे, शनीकडे कोणी बघतं का? तो आपल्याकडे बघू नये म्हणून माणूस जिवाचं रान करतो." त्या दिवसापासून ती मुक्कामाला राहिली. दादाच्या डोळ्यांचं दुखणं डोक्यात गेलंय असं तिने हिला स्वयंपाकघरात सांगितलं, आणि माझ्याबद्दल जे सांगितलं ते हिने मला अजून सांगितलेलं नाही.

पार्सल ऑफिसात सहा खिडक्या आणि एकच माणूस. तो चार नंबरच्या खिडकीत बसतो, म्हणून त्याला सगळे चार नंबर म्हणतात. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिले दोन दिवस माझी पाळी येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि सुट्टीनंतर शिक्का सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याने माझा कागद समोर ओढला.

"वस्तू दुर्बीण. वर्ग वैद्यकीय. हॉस्पिटलचं पत्र आणलंत?"

"हॉस्पिटल कुठून आलं? आकाश बघायची दुर्बीण आहे."

"इथे वैद्यकीय लिहिलंय. तपासणी कुठे करणार?"

"गच्चीवर."

"पेशंट गच्चीवर नेणार?"

"पेशंट कोणी नाही. वडील आहेत."

"त्यांना काय होतंय?"

"काचबिंदू."

"मग वैद्यकीयच झालं," चार नंबर म्हणाला आणि समाधानाने मागे रेलला. मी खिडकीच्या गजांना धरून जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या बाईंनी पोराचे कान झाकले. चार नंबरने शांतपणे एक कोरा नमुना माझ्यापुढे सरकवला. घरगुती वापरासाठी असेल, विकण्यासाठी नसेल, तर कारण सविस्तर लिहा, खाली सही करा. मी तिथेच भिंतीला कागद टेकवून एका दमात लिहिलं, 'माझे वडील, निवृत्त भूगोल शिक्षक, यांनी आयुष्यात शनी ग्रह एकदाही पाहिलेला नाही. त्यांची दृष्टी जाण्यापूर्वी त्यांना तो दाखवणे.' बाबांचं पूर्ण नाव आणि शाळेचं नावही घातलं. कोणाला काय सांगायचं नव्हतं, ते रागात कुठे आठवतं.

चार नंबरने कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचं पाकीट मारलंय.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"काय खोटं आहे?"

"सरांनी शनी पाहिलेला आहे. मी सातवी ब मध्ये होतो, तिसऱ्या बाकावर. मीच विचारलं होतं, सर, तुम्ही पाहिलाय का? सर म्हणाले, पाहिलाय, स्वतः, या डोळ्यांनी. आणि फळ्यावर आकृती काढली. पंचवीस वेळा गिरवून घेतली आमच्याकडून." त्याने खिशातलं पेन काढून माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात एक गोळा काढला आणि त्याच्याभोवती टोपीच्या काठासारखं रुंद, तिरकं कडं काढलं. हात न उचलता काढलं. ती आकृती मी ओळखत होतो. आमच्या घरी जुन्या वह्यांवर, दुधाच्या हिशोबाच्या मागे, सगळीकडे बाबांनी तीच काढलेली असायची.

"तुम्ही लिहून देताय की सर वर्गात खोटं बोलले," चार नंबर पुढे म्हणाला. "म्हणजे एक तर सर खोटे, नाहीतर तुम्ही. सरांना मी ओळखतो. तुम्हाला ओळखत नाही. ही दुर्बीण तुम्ही विकायला मागवलीय आणि सरांचं नाव पुढे करताय. सरांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणा, स्टँपपेपरवर. मग बघू."

मी घरी कसा पोचलो ते मला आठवत नाही. बाबा खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. मी रेडिओ बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला.

"सातवी ब ला तुम्ही काय सांगितलं होतंत?"

 आत्या आणि ही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोण होता?" बाबांनी विचारलं.

"तिसऱ्या बाकावरचा. आता पार्सल ऑफिसात आहे. त्याचं म्हणणं, तुम्ही देव आहात आणि मी भामटा."

"अरे, नोकरीचं पहिलं वर्ष होतं," बाबा म्हणाले. "चाळीस पोरं बघत होती. नाही म्हटलं असतं तर म्हणाली असती, हा पुस्तकातलं वाचून दाखवतोय. तोंडातून निघून गेलं. मग दर वर्षी नवं पोरगं उभं राहायचं आणि तोच प्रश्न विचारायचं. एका वर्गाला हो सांगितल्यावर दुसऱ्याला नाही कसं सांगणार? शाळेत दुर्बीण होती रे. कुलूपबंद कपाटात. मी तिची किल्ली कधी मागितली नाही. मागितली असती तर मुख्याध्यापकांना कळलं असतं, की अजून बघायचाय."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. एवढा वेळ सगळं जग चुकत होतं आणि मी बरोबर होतो, ती सोयच गेली.

"त्यात काय एवढं," ही म्हणाली. "पुन्हा एकदा पाहायचा आहे, असं लिहून द्या. सरांचा मानही राहील आणि दुर्बीणही येईल."

आत्याने मान डोलावली. मीही डोलावली. दीड आठवडा उरला होता, खरं-खोटं करायला वेळ कोणाकडे होता? बाबांनाही ते क्षणभर पटलं असावं. मग ते बोटांवर मोजायला लागले. "वर्षाला चार वर्ग, वर्गात चाळीस. एकतीस वर्षं. पाच हजाराला चाळीस कमी. एवढ्यांना सांगून झालं. आता खरा बघायला निघालोय तर त्यासाठी आणखी एकदा सांगू? नको. पाहिलेला नाही असंच लिही. मी सही करतो, आणि कागद मीच नेऊन देतो."

कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टने तीस वर्षांत असा मजकूर टाइप केला नव्हता. "मी शनी पाहिलेला नाही, एवढंच?" त्याने तीनदा विचारलं. एवढ्याने पान भरत नाही म्हणून त्याने सवयीने खाली ठोकून दिलं, 'तसेच सदर शनीवर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही व भविष्यात सांगणार नाही.' मी खोडायला सांगणार होतो, पण खाडाखोड असलेला कागद चालत नाही म्हणे.

बाबा काठी टेकत टेकत चार नंबरच्या खिडकीपाशी गेले. त्यांना खिडकी दिसत होती, बाजूची रांग दिसत नव्हती, त्यामुळे ते सरळ सर्वांच्या पुढे जाऊन उभे राहिले. रांग एक पाऊल मागे सरकली. चार नंबर खुर्चीतून उठला. त्याने उभ्या जागी शर्टाची घडी सरळ केली, सातवीतला पोरगा करेल तशी.

"सर."

"वाच," बाबा म्हणाले आणि कागद आत सरकवला. "मोठ्याने नको."

त्याने वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो, की आता तरी शिक्का मार, म्हाताऱ्याला उभं ठेवू नकोस. त्याने खूप वेळ लावला.

"मग आकृती, सर?" तो शेवटी म्हणाला.

"पुस्तकातली."

चार नंबरने शिक्का मारला. पार्सल आतून आणवलं, आमच्यासमोर ठेवलं. पण तो पुन्हा बाबांकडे बघेना. परतताना रिक्षात बाबा काठी दोन्ही हातांनी धरून बसले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "त्याला बोलाव. ज्या दिवशी आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी." म्हणजे मला पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभं राहावं लागलं.

त्यानंतर तीन दिवस ढग. चौथ्या दिवशी खोकं उघडलं तर सहा इंची आरसा ठीक, लाकडी बैठक ठीक, पंचवीसचं आयपीस ठीक आणि दहाच्या आयपीसच्या जागी एक चिठ्ठी, की सध्या शिल्लक नाही, मागाहून पाठवू. मागाहून म्हणजे शनी सूर्यामागे गेल्यावर. पंचवीसने तो वाटाण्याएवढाही दिसणार नव्हता. मी खोलीच्या मधोमध उभा राहून त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आठवलं, की चष्मेवाल्याने गळ्यात मारलेलं सहा नंबरचं भिंग घरात आहे. ते आणलं, तर दुर्बिणीचं भोक सव्वा इंची आणि भिंग इंचाहूनही बारीक. त्यात ते खडखडत आत पडलं.

पण माझी अख्खी नोकरी नळांत गेलीय. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप घेतली आणि भिंगाला चाळीस वेढे दिले.

"हे शास्त्रात बसत नाही," तज्ज्ञ म्हणाले.

"भोकात बसतंय," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघालं. दिवेलागणीला गच्चीवर ही होती, आत्या होती, तज्ज्ञ होते, आजारी माणसाला बघायला म्हणून आलेले साहेब होते. सगळ्यांत मागे, इस्त्रीच्या शर्टात, चार नंबर. तज्ज्ञांनी मला बाजूला सारलं आणि पंचवीसच्या आयपीसमधून दोन मिनिटांत शनी धरला. पश्चिमेला आमच्याच खात्याची पाण्याची टाकी आहे. शनी तिच्यापासून हातभर वर होता आणि खाली येत होता. "वीस मिनिटं आहेत," तज्ज्ञ म्हणाले. भिंग बदललं, तर टेप लावलेलं ते कार्टं सरकायला लागलं. मग ते कोणीतरी चिमटीत धरून उभं राहायला हवं. कोणीतरी म्हणजे मी. दुर्बिणीकडे पाठ, हात मागे, मान वाकडी.

बाबा वाकले. त्यांचा श्वास माझ्या बोटांवर लागत होता.

"गोळा दिसतोय," ते म्हणाले. माझ्या खांद्याला रग लागली. "कडं कुठाय?" ते पुटपुटले. तज्ज्ञांनी भिंग केसभर मागे घ्यायला सांगितलं. मी घेतलं.

"आहे," बाबा म्हणाले. "आहे रे. सुतासारखं आहे." आणि थोड्या वेळाने, चिडून, "मी केवढं जाड काढायचो."

तज्ज्ञांनी लगेच सांगून टाकलं, की यंदा कडं आपल्याकडे धार करून आहे, इतर वर्षी रुंद दिसतं, म्हणजे सरांची आकृतीही चूक नाही. बाबांनी त्यांना हाताने गप्प केलं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते पुसायला ते डोळा काढायला तयार नव्हते. शेवटी काढला आणि गच्चीकडे तोंड करून वर्गातल्या आवाजात म्हणाले, "सातवी ब. इकडे ये."

चार नंबर पुढे आला. वाकला. "सर," तो म्हणाला.

"पाहिलंस? आकृती दुरुस्त करून घे. वही आहे का?"

वही नव्हती. त्याने खिशात हात घालून घडी घातलेला स्टँपपेपर काढला. बाबांचं प्रतिज्ञापत्र. "मी फाईलला लावलं नाही, सर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कारणाच्या रकान्यात वैद्यकीय ठेवलं आणि सोडलं पार्सल." बाबांनी कागद उलटा केला, कठड्यावर ठेवला, त्याचंच पेन घेतलं, एक गोळा काढला आणि त्यातून आरपार एक बारीक रेघ ओढली. चार नंबरने शेजारी तशीच आकृती काढली. त्याने आणखी दोन काढल्या, सांगितलं नसताना.

मग आत्याने पाहिला. त्याने आपल्याला पाहू नये अशा बेताने, पदराआडून पाहिला. हिने पाहिला, साहेबांनी दोनदा पाहिला, तज्ज्ञांनी तर मुक्कामच ठोकला. मी चिमूट धरून उभा होतो. "आता तुम्ही बघा," असं ही म्हणाली, तिने भिंग धरलं, मी मान सरळ करून वळलो आणि डोळा लावला. आत गोल, करडं काहीतरी होतं आणि त्यावर गंज चढलेली शिडी होती. शनी टाकीमागे गेला होता. ती टाकी तिथे नको अशा तक्रारी मी एकोणीस वर्षं लिहून घेतल्यात आणि एकही वर पाठवलेली नाही.

खाली आल्यावर सगळे एकाच वेळी बोलत होते. बाबांनी चहा मागितला आणि मला विचारलं, "तू पाहिलास ना रे?"

सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो माणूस खूश दिसत होता. मी काय सांगणार होतो, टाकीची शिडी पाहिली म्हणून?

"पाहिला की," मी म्हणालो. "स्वतः. या डोळ्यांनी."

बाबांनी कप खाली ठेवला. मान हळूहळू फिरवत मला आपल्या नळीत घेतलं. मग टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

"काढून दाखव."

मी गोळा काढला. त्यातून सुतासारखी आडवी रेघ मारली.

"कुठल्या बाजूला कललेलं होतं?"

सेहेचाळीस वर्षांचा माणूस मी, दोन पोरांचा बाप, शंभर माणसांचं रोज ऐकून घेणारा. मी खाली बघत बसलो.

"आता अडीच महिन्यांनी पहाटे उगवतो तो," बाबा म्हणाले आणि कप उचलला. "गजर लाव. डोळा राहिला तर मीही येतो वर."

पूर्वेला आमच्या खात्याची टाकी नाही. मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन नकाशात बघून आलो.